लासूर स्टेशनहून शहर पाहायला

लासूर स्टेशनावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला "कुठे निघालात?" असे विचारले, तर तो "शहरात" एवढेच सांगतो. शहराचे नाव घेण्याची त्याला गरज वाटत नाही. कोर्टाची तारीख, दवाखाना, पोराची फी, लग्नाचा बस्ता, मोटारपंपाचा एखादा सुटा भाग, अशा कामांसाठी आपण वर्षातून दहा वेळा तिथे जातो आणि काम उरकले की मिळेल त्या गाडीने परत येतो. जपानचा, जर्मनीचा प्रवासी हजारो मैल ओलांडून ज्या शहराकडे येतो, ते शहर चाळीसएक किलोमीटरवर राहणाऱ्या आपल्या माणसाने पाहिलेले नसते. त्याने पाहिलेली असते ती कचेरी, बसस्टँड आणि रसवंती!

यात नुकसान कोणाचे? परदेशी पाहुण्याचे खचित नाही. नुकसान आपले आहे आणि त्या शहराचेही आहे. जी वस्तू शेजाऱ्यांनी डोळे उघडून पाहिलेली नसते, ती पडली तरी कोणाला कळत नाही. या शहराच्या बाबतीत तसे घडलेही आहे. म्हणून आज आपण लासूर स्टेशनहून निघालेल्या माणसाने दोन दिवसांत काय पाहावे आणि ते कोणत्या क्रमाने पाहावे, याचा विचार करू.

क्रमाचे महत्त्व आहे, बरं का. नुसती यादी हवी असेल तर रिक्षावाला एका दमात सांगेल: मकबरा, पाणचक्की, लेणी, दरवाजे, किल्ला, वेरूळ. परंतु यादीप्रमाणे पाहिले म्हणजे एक घुमट, एक हौद आणि एक डोंगर एवढेच ध्यानात राहते. शहर कसे उभे राहिले ते समजत नाही. ते समजायचे असेल तर एक सोपी खूण सांगतो. आपण कोरडवाहू मुलखातली माणसे आहोत. नव्या गावात शिरल्याबरोबर आपण विचारतो, "इथे पाण्याची सोय काय?" हाच प्रश्न मनात धरून हे शहर पाहा. सगळे धागे आपोआप जुळत जातील.

प्रथम गाडीतूनच सुरुवात करू. मनमाडकडून येणारा हा लोहमार्ग निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास पडला. तेव्हा तो मीटरगेज होता. पुढे १९९० नंतर रुंद झाला. लासूर सोडले, पोटूळ मागे पडले, की दौलताबादच्या आसपास डाव्या हाताला नजर ठेवा. सपाट डोक्याच्या डोंगररांगांत एक सुटा, शंकूसारखा डोंगर उभा दिसेल. तो देवगिरी. त्याची कथा दुसऱ्या दिवशी पाहू. आज एवढेच ध्यानात घ्या की या मुलखाची जुनी राजधानी त्या डोंगरापाशी होती आणि आपण ज्या शहरात उतरणार आहोत ते तिच्यानंतरचे, वयाने पुष्कळ लहान आहे.

शहर वसले ते १६१० साली. तेव्हा तिथे खडकी नावाचे लहान गाव होते. ते निवडणारा माणूस मोठा विलक्षण होता. मलिक अंबर हा जन्माने हबशी, आफ्रिकेतल्या आजच्या इथिओपिया देशातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या बाजारातून हिंदुस्थानात आला आणि कर्तबगारीच्या जोरावर अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. दिल्लीच्या मोगल फौजांना त्याने वर्षानुवर्षे दाद दिली नाही. डोंगरदऱ्यांतून अचानक छापे घालून मोठ्या फौजेला हैराण करायचे, ही त्याची रीत. त्याच्या बाजूने लढणाऱ्यांत मराठे सरदार पुष्कळ होते. शहाजीराजे भोसलेही १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. खडकीतल्या मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्या मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी अशा भोसले घराण्यातल्या पुरुषांच्या नावांवरून पडल्या, असे सांगतात.

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याचा मुलगा फत्तेखान याने शहराला फत्तेनगर म्हटले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि शहराचे नाव औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, राज्ये बदलली. मलिक अंबरने आखलेला पाया मात्र शहराखाली अजून आहे. तो पाहायला भडकल दरवाजापासून निघू.

स्टेशनवरून रिक्षाने भडकल दरवाजा जवळ आहे. शहरातल्या साऱ्या दरवाजांत हा सर्वांत मोठा. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो १६१२ मध्ये बांधला. त्याच्या कमानीखाली उभे राहून मान वर करून छताकडे पाहा. या शहराला बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. लहान दिंड्या, खिडक्या धरून हा आकडा होतो. शहराभोवतीचा कोट औरंगजेबाच्या काळात, १६८२ च्या सुमारास उठला. मराठ्यांच्या स्वाऱ्यांची धास्ती हे त्याचे कारण. चार दिशांना चार मुख्य दरवाजे: उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का. दरवाजाचे नाव वाचले की रस्ता कुठे जातो ते कळले! वाटसरूला पाटीची गरज नाही.

बावन्नांपैकी आज थोडेच उभे आहेत. कोट बहुतेक गेला. काही दरवाजे रस्तारुंदीत गेले, काही आपोआप ढासळले. उरलेल्यांतून रोज हजारो मोटारी, हातगाड्या, स्कूटरी जातात. कुठे पत्रके चिकटवलेली, कुठे तारा लोंबकळत असलेल्या. काही दरवाजांची अलीकडे डागडुजी झाली आहे, ती समाधानाची गोष्ट आहे. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दरवाजा शत्रूने पाडला तर इतिहासात नोंद होते. तो कोणाचेच लक्ष नसताना पडला तर नोंदही होत नाही.

आता पाण्याकडे वळू. शहर वसवणाऱ्यापुढे पहिला प्रश्न होता लोकांच्या घागरीचा. खाम नदी बारमाही मोठी नदी नाही. विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. १६१६ मध्ये मोगल फौजेने खडकी जाळली, तरी मलिक अंबरने जागा सोडली नाही. त्याने उत्तरेकडच्या डोंगरउतारांकडे पाहिले. पावसाचे जे पाणी खडकांत, मुरुमात मुरते, ते जमिनीखालीच अडवून, जमिनीखालूनच शहरात आणायचे, अशी योजना त्याने केली. हीच नहर-ए-अंबरी. तिच्यानंतर आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद अशाच एका नहरीच्या पाण्यावरचा.

या नहरीचे काम कसे चाले, ते शेतकऱ्याला चटकन समजेल. वरच्या अंगाला विहिरी आणि भुयारी चर. त्यांत आजूबाजूचा पाझर गोळा होतो. तिथून हलका, सतत उतार ठेवून बांधलेला बंदिस्त मार्ग, पुढे मातीचे भाजलेले नळ. मोट नाही, मोटार नाही, इंजिन नाही. पाणी आपल्या वजनाने चालत येते. मधेमधे दगडी मनोरे उभे केलेले असत. ते कशासाठी? ज्यांनी दोन शेतांपलीकडून पाइपलाइन आणली आहे, त्यांना ठाऊक आहे की नळात हवा कोंडली म्हणजे पाणी अडते आणि जोर वाढला म्हणजे नळ फुटतो. म्हणून आपण एअर व्हॉल्व्ह बसवतो. ते मनोरे म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचे एअर व्हॉल्व्हच म्हणा ना! हवा निघून जाई, दाब हलका होई आणि पाणी पुढे सरके. जमिनीखालून आल्यामुळे ते उन्हात आटत नसे, त्यात कचरा पडत नसे आणि वेढा घालणाऱ्या शत्रूला ते सहजी सापडतही नसे.

ही करामत डोळ्यांनी पाहायची जागा म्हणजे पाणचक्की. भडकल दरवाजापासून ती दूर नाही. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ, बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्याचा आरंभ या काळातले हे काम. सुमारे सहा किलोमीटरवरून स्वतंत्र नहरीने पाणी येते, भिंतीच्या आतल्या नळांतून वर चढते आणि उंचावरून हौदात कोसळते. प्रवासी तिथे थबकून विचारतात, "पाणी वर कसे चढले?" यात जादू काही नाही. उगम उंचावर आहे. टाकीला लावलेली नळी खाली नेऊन पुन्हा वर उचलली, तर टाकीच्या पातळीपर्यंत पाणी चढतेच. तोच न्याय इथे आहे.

त्या पाण्याच्या जोराने पात्यांचे चाक फिरते, चाकाबरोबर जाते फिरते आणि पीठ पडते. दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि फौजेसाठी इथे धान्य दळले जात असे. हौदाच्या खाली एक मोठा दालनवजा हॉल आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छप्पर! वर पाणी आणि खाली गारवा. वैशाखात इथे दहा मिनिटे बसलात तर बांधणाऱ्याला दुवा द्याल. अंगणात एक जुना, विस्तीर्ण वडही आहे. मुलांना इथे जरूर न्या. पुस्तकातला धडा इथे जाते फिरवताना दिसतो.

पाणचक्कीवरून पुढे बेगमपुऱ्यात गेले की बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिचे हे थडगे. मृत्यूनंतर तिला राबिया-उद्-दौरानी असा किताब मिळाला. ती १६५७ मध्ये वारली आणि १६६० च्या सुमारास इमारत उभी राहिली. मुलगा आजमशाह याने आईसाठी ती बांधली, असे सर्वत्र सांगितले जाते. पण जरा हिशेब करून पाहा. आजमशाह जन्मला १६५३ मध्ये. म्हणजे काम झाले तेव्हा तो सहा-सात वर्षांचा पोर! तेव्हा हुकूम औरंगजेबाचा असावा आणि आजमशाहाचा हात पुढच्या देखभालीत, दुरुस्तीत असावा, हे म्हणणे अधिक पटते. गाइड जे सांगतो त्यावर असा हिशेब करायला हरकत नाही. इतिहास शिकण्याची तीच रीत आहे.

मकबऱ्याला लोक 'दख्खनचा ताज' म्हणतात आणि लगेच नाक मुरडतात, की ही ताजमहालाची नक्कल, तीही गरिबाघरची. प्रवेशद्वारावरच्या लेखात अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. तेव्हा घरची विद्याच इथे उतरली आहे. खर्च सहा लक्ष अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे झाला, अशी नोंद सांगितली जाते. ताजावर झालेल्या खर्चापुढे ही रक्कम फार थोडी. म्हणून संगमरवर सगळीकडे परवडला नाही. जवळ जाऊन पाहा: खालचा भाग कमरेच्या वरपर्यंत संगमरवरी, त्यावर आपला इथलाच काळा दगड चुन्याने गुळगुळीत केलेला, आणि घुमट पुन्हा संगमरवरी. माझे म्हणणे असे की हाच चुना नीट पाहण्यासारखा आहे. संगमरवर राजस्थानातून आला. चुन्याचे बारीक नक्षीकाम हातांनी इथेच घडले. थोड्या पैशात मोठे घर बांधणाऱ्या गवंड्याची अक्कल काय असते, ते तिथे कळते.

आवार सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आहे. मधोमध पाण्याचा पाट, त्यात कारंजी. पुन्हा पाणी आलेच! थडगे वरून, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत, खालच्या पातळीवर दिसते. मकबऱ्याच्या पश्चिमेची मशीद पुढे निजामाच्या काळात बांधलेली आहे. शक्यतो सकाळी लवकर किंवा दिवस कलताना जा. भर दुपारी चुना डोळ्यांवर येतो.

मकबऱ्यामागे जो डोंगर दिसतो, त्यात शहराची बौद्ध लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या नावापुढे ही बिचारी झाकली जातात. गाड्या भरभरून माणसे वेरूळला जातात आणि इथे कित्येकदा तुम्ही एकटेच असता. लेणी बारा. त्यांतले चौथे चैत्यगृह, म्हणजे स्तूपाचे मंदिर, सर्वांत जुने. बाकीची बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली. चढ थोडा आहे. म्हाताऱ्या माणसांनी सावकाश चढावे.

दोन लेणी चुकवू नका. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना भक्तमंडळी गुडघे टेकून बसली आहेत. माणसाएवढ्या आकाराच्या मूर्ती. पुरुष आहेत, बाया आहेत. केसांची ठेवण, गळ्यातले दागिने, हात जोडण्याची तऱ्हा वेगवेगळी. देवाच्या मूर्ती सगळीकडे दिसतात. देवाला आलेली माणसे अशी क्वचित दिसतात. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना संकटात सापडलेले लोक त्याचा धावा करीत आहेत. आग, चोर, साप, हत्ती, सिंह, बुडणारे जहाज, बेड्या, मृत्यू. व्यापारी तांडे घेऊन हिंडणाऱ्या माणसांची ही भीतीची यादीच आहे. त्याच लेण्याच्या गाभाऱ्यात नाचणारी स्त्री आणि भोवती वाद्ये वाजवणाऱ्या बायका आहेत. त्या इतक्या जिवंत आहेत की आवाज येईल असे वाटते. दगड मात्र ठिसूळ आहे. हात लावू नका, मुलांना लावू देऊ नका.

तिथून खाली पाहिले की सारे शहर पायांशी पसरलेले दिसते आणि मकबऱ्याचा घुमट एखाद्या मोत्यासारखा दिसतो. याच डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठाच्या परिसरात सोनेरी महाल आहे. तो बुंदेलखंडच्या एका सरदाराने बांधला. कधी काळी त्यावर सोन्याच्या रंगाचे चित्रकाम होते, म्हणून हे नाव. आता तिथे संग्रहालय आहे. विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले आणि १९९४ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले. जवळच नागसेनवन आहे. १९५० मध्ये बाबासाहेबांनी इथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तरे देणारा भिक्षू. ज्या डोंगरात बौद्ध भिक्षू राहिले, त्याच्या पायथ्याशी, शाळेचे दार ज्यांना पिढ्यान्पिढ्या बंद होते त्यांच्यासाठी कॉलेज उघडले आणि त्याला ही नावे दिली. खेड्यातून शिकायला निघालेल्या मुलाला मकबऱ्याइतकेच हे ठिकाणही दाखवले पाहिजे.

संध्याकाळी गावात, गुलमंडी-सिटी चौकाच्या बाजूला हिंडा. इथला हिमरू प्रसिद्ध आहे. सुती ताण्यावर रेशमाच्या बाण्याने वेलबुट्टी काढलेले हे कापड. किनखाब राजेरजवाड्यांचा, त्याच वळणाचे पण सुतात विणलेले म्हणून हिमरू आवाक्यातला. शाल घ्यायची तर आधी उलटी करून पाहा. हातमागाच्या जुन्या पद्धतीच्या हिमरूला मागच्या बाजूने रेशमाचे सैल धागे सुटलेले असतात; त्यानेच कापड मऊ आणि उबदार होते. हातमाग थोडे उरले आहेत. "माग दाखवा" असे म्हणायला लाजू नका. विणणाऱ्यालाही बरे वाटते. मांसाहारी मंडळींनी नान-खलिया चाखावा. तो इथला खास पदार्थ, तुघलकाच्या फौजेबरोबर आला अशी आख्यायिका आहे.

दुसरा दिवस शहराबाहेरचा. मात्र वार पाहून निघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. अजिंठा शंभर किलोमीटरवर आहे, त्याला स्वतंत्र दिवस ठेवा. आजची वाट देवगिरी, खुलताबाद, वेरूळ अशी. सगळे एकाच रस्त्यावर.

देवगिरी ही यादवांची राजधानी. भिल्लम यादवाने बाराव्या शतकाच्या अखेरीस ती केली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची स्वारी आली आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणून दौलताबाद हे नाव दिले. थोड्याच वर्षांत त्याला परत जावे लागले. किल्ला पाहताना प्रत्येक पायरीवर विचारा, "शत्रू असतो तर इथे काय झाले असते?" दरवाजांना हत्तीची टक्कर लागू नये म्हणून टोकदार खिळे; हत्तीला धावता येऊ नये म्हणून वळणावर वळण. पुढे डोंगराचे कडे माणसांनी तासून भिंतीसारखे उभे केलेले आणि भोवती खडकात खोदलेला खंदक. खंदक ओलांडला की अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातून जाणारी काळोखी वाट. बॅटरी जवळ ठेवा. वाटेत मेंढ्याच्या तोंडाची तोफ, चिनी महाल आणि दोनशे फुटांहून उंच असा चांदमिनार. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने कैदेत ठेवले होते.

या किल्ल्यात हत्ती हौद नावाचा प्रचंड हौद आहे, पायऱ्यांची विहीर आहे आणि डोंगरातल्या तळ्यांतून नळांनी पाणी आणल्याच्या खुणा आहेत. एवढा अभेद्य किल्ला, पण पाणी नसेल तर त्याचे दरवाजे आतूनच उघडावे लागतात! संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे इथले अधिकारी होते आणि बालवयात एकनाथ पैठणहून त्यांच्यापाशी आले, ही परंपरा आपल्या घराघरांत सांगितली जाते. चढायला दम लागतो, म्हणून सकाळीच चढा. उतरल्यावर हंगाम असेल तर पायथ्याला सीताफळे मिळतील.

घाट चढून खुलताबाद. इथे सूफी संतांचे दर्गे आहेत. त्यांच्याच छायेत औरंगजेबाची उघड्या आकाशाखालची साधी कबर आहे. तो १७०७ मध्ये अहमदनगरला वारला आणि इथे आणला गेला. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापकही इथेच आहे. याच गावात मलिक अंबरचा मकबरा आहे आणि कैदेत वारलेला तानाशाहही इथेच आहे. ज्यांनी एकमेकांची राज्ये बुडवली, बुडवायला पाहिली, ते सगळे एका लहानशा गावात थोड्याथोड्या अंतरावर निजले आहेत. इतिहास शांतपणे वाचण्यासाठी याहून चांगली जागा सापडणे कठीण. जवळच भद्रा मारुती आहे. तिथे हनुमंत निद्रिस्त रूपात आहेत.

वेरूळ हे भोसल्यांचे गाव. मालोजीराजे इथले पाटील. घृष्णेश्वराचे आजचे देऊळ अठराव्या शतकात होळकर घराण्याने बांधले. लेणी चौतीस: पहिली बारा बौद्ध, मधली सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. १९८३ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. वेळ थोडा असेल तर तीन पाहा. दहावे, ज्याला लोक सुतार लेणे म्हणतात. त्याचे दगडी छत लाकडी तुळ्या बसवल्यासारखे कोरले आहे. बत्तिसावे, जैनांची इंद्रसभा. आणि सोळावे, कैलास.

कैलासाविषयी एकच गोष्ट आधी ध्यानात घेऊन जा. देऊळ पायापासून वर बांधतात. हे कळसापासून खाली उतरले आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगराच्या माथ्यावरून खोदायला सुरुवात झाली. मधला खडक ठेवला, भोवतालचा काढून टाकला आणि उरलेल्यातून देऊळ, हत्ती, खांब कोरले. चौकाची लांबी २७६ फूट, रुंदी १५४ फूट. विहीर खणणाऱ्या माणसाला या कामाची किंमत अधिक कळेल. बांधकामात चुकलेला दगड काढून दुसरा बसवता येतो. इथे छिन्नी एकदा चुकली की चुकली. रावण खालून कैलास हलवतो आहे, ते शिल्प पाहायला विसरू नका. पावसाळ्यात गेलात तर एकोणतिसाव्या लेण्यापाशी धबधबाही दिसेल.

असा हा दोन दिवसांचा प्रवास. खर्च भाडे, तिकीट आणि जेवणाचा. पाण्याची बाटली, घरची शिदोरी आणि पायांत चांगल्या चपला असल्या म्हणजे झाले. शाळांच्या सहली तर अवश्य काढाव्यात. मात्र गुरुजींनी आधी वर्गात तास-दोन तास सांगून मग न्यावे. आणि भिंतीवर नाव कोरणाऱ्याचा हात आपणच धरावा. सरकारी पहारेकरी सगळीकडे पुरत नाही.

शेवटी आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ: इथे पाण्याची सोय काय? मलिक अंबरच्या शहराला आज पाणी येते ते मुख्यतः पैठणच्या जायकवाडी धरणातून, पन्नासएक किलोमीटर दूर आणि खालच्या पातळीवरून, विजेच्या पंपांनी उपसून. अलीकडच्या वर्षांत कित्येक वस्त्यांत नळाला कितीतरी दिवसांच्या अंतराने पाणी येत आले आहे. शहर चारशे वर्षांत किती तरी पटींनी वाढले. जुन्या नहरी साऱ्या शहराची तहान भागवतील असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या नहरींवर घरे उठली, नळ फुटले, मनोरे पडले, आणि जे पाणी फुकट चालत येत होते त्याची वाट आपणच बुजवत गेलो. ज्या विहिरींत पाझर गोळा होई, तिथे आता पावसाचे पाणी डांबरावरून वाहून जाते. ही हानी घुमट पडण्याहून मोठी आहे. कारण ती दिसत नाही.

आणि ही शहरवाल्यांची गोष्ट, आपल्याला काय त्याचे, असे मात्र समजू नका. लासूरच्या दाक्षायणी देवीच्या पायाशी जी शिवना वाहते, ती पुढे गोदावरीला मिळते. शहराची खाम नदीही गोदावरीलाच जाते. दोघींचे पाणी पैठणच्या जलाशयात एक होते आणि तेच उपसून शहराच्या नळाला चढते. आपल्या शिवारात बांध नीट राहिला, नाल्यात पाणी मुरले, नदीत घाण टाकली नाही, तर त्याचा थेंब त्या शहरापर्यंत पोचतो. म्हणजे हे शहर पाहायला निघालेला लासूरचा माणूस परक्या गावी निघालेला पाहुणा नव्हे. आपलेच पाणी कुठे जाते ते पाहायला तो निघाला आहे. तेव्हा पुढच्या खेपेला कचेरीचे काम लवकर उरकले, तर गाडीची वाट पाहत स्टेशनावर बसू नका. मुलांना घेऊन पाणचक्कीवर जा आणि त्यांना विचारा, "सांगा बरं, हे पाणी वर कसं चढलं?"